सोळा आण्यांची जमीन

1836 साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी जमाबंदी लागू झाली. तिच्यासाठी त्याआधीचे महिने प्रतबंदी कारकून गावोगाव फिरत होते. मोजणीदार साखळी ओढून शेताची हद्द आणि क्षेत्र ठरवायचे, आणि त्यांच्यामागून कारकून यायचा. तो शेताचा कच्चा नकाशा काढायचा, आडव्या-उभ्या रेघा मारून त्याचे सारखे भाग पाडायचा आणि मग प्रत्येक भागात कुदळीने खड्डा घ्यायचा. माती किती हात खोल आहे, तिचा रंग आणि पोत काय, खाली मुरूम लागतो की चुनखडी, हे पाहून नकाशातल्या त्या चौकटीत खुणा करायचा. एका शेताला सगळीकडे एकच प्रत लावायची नाही, हा नियम होता. वरच्या बांधाकडची जमीन आणि ओढ्याकाठची जमीन एकाच सर्व्हे नंबरात असली तरी सारखी नसते, हे कुणाही शेतकऱ्याला ठाऊक असलेलं सत्य सरकारी कागदावर या चौकटींमुळे आलं.

ही पद्धत बसवली हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या दोघांनी. त्यांच्या आधी रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनची पाहणी केली होती आणि 1830 च्या सुमाराला तिच्यानुसार आकारणीही सुरू झाली होती. प्रिंगलचा हिशेब अर्थशास्त्राच्या पुस्तकातून आलेला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येतं ते काढायचं, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर हे रास्त दिसतं. पण पिकाचे आणि खर्चाचे आकडे धड नव्हते, हाताखालच्या लोकांनी पाहणीत घोळ केले, त्यात पाऊसही दगा देत राहिला. इंदापूरकडच्या जमिनी ओस पडल्या आणि कुळं निजामाच्या मुलखात निघून गेली. गोल्डस्मिड-विंगेट यांना इंदापुरात पाठवलं गेलं ते ही विस्कटलेली घडी बसवायला.

त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. एका जमिनीच्या तुलनेत दुसरी किती कमी-जास्त, एवढंच ठरवायचं आणि दर वेगळा ठरवायचा, असा मार्ग त्यांनी घेतला. त्यातून जे कोष्टक तयार झालं आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यासाठी पक्कं झालं, ते मला आजही भारतीय महसुलाच्या इतिहासातलं एक देखणं काम वाटतं. माती तीन जातींची मानली. पहिली बारीक, एकसारख्या पोताची, गडद काळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत. दुसरी एकसारखीच पण जरा भरड, रंगाने फिकट, बहुधा तांबूस. तिसरी खडेमिश्रित, भुसभुशीत, फिकट तपकिरी ते राखी. मग खोली. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असेल तर तिची किंमत पूर्ण सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा, सव्वा हात असेल तर बारा, एक हात असेल तर दहा, आणि असं उतरत पाव हात खोलीला साडेचार आणे. दुसऱ्या जातीची तीच पावणेदोन हात खोल माती चौदा आण्यांपासून सुरू होणार. तिसऱ्या जातीला हातभर खोली असली तरी सहाच आणे, आणि पाव हातावर खाली मुरूम लागला तर दोन. एकूण नऊ प्रती.

यावर दोषांची वजावट. मातीत चुनखडी मिसळलेली असणं, वाळू असणं, जमीन उताराची असणं, माती पाणी न शोषणारी असणं, ओढ्याचं पाणी वरून वाहून जाणं, पावसाळ्यात जमिनीतून उपळ फुटणं. यातला एक दोष निघाला की एक प्रत खाली, दोन निघाले की दोन प्रती खाली. दोषाची खूण त्या चौकटीतच करायची.

एक काल्पनिक शेत घेऊ. आठ चौकटी पाडल्या. तीन चौकटींत काळी माती पावणेदोन हात खोल निघाली, पण त्यातल्या एकीत चुनखडी: म्हणून सोळा, सोळा आणि चौदा. पुढच्या दोन चौकटींत काळीच, पण हातभरच खोल: दहा आणि दहा. सहावीत तांबूस भरड माती पाऊण हात: सहा. शेवटच्या दोन बांधालगतच्या, पाव हातावर मुरूम: दोन आणि दोन. बेरीज 76. आठांनी भागल्यावर साडेनऊ आणे. त्या गावचा कमाल दर एकरी एक रुपया ठरला असेल तर या शेताचा आकार एकरी साडेनऊ आणे. गावाचा कमाल दर मात्र मातीवरून ठरत नसे. पाऊसमान, बाजाराचं अंतर, त्या टापूतली शेतीची स्थिती असं सगळं बघून तो गावांच्या गटाला लावला जाई. म्हणजे माती शेतकऱ्याच्या पायाखालची आणि दर टापूचा, अशा दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. जमाबंदी तीस वर्षांची. शेतकऱ्याने पुढच्या तीस वर्षांत काय पिकवलं याच्याशी सरकारला देणंघेणं नाही, ही हमी त्या काळात फार मोठी होती, आणि ओस पडलेल्या जमिनी पुन्हा वहितीखाली आल्या त्यात तिचा वाटा आहे.

या कोष्टकात खोलीला एवढं वजन का, हे इंदापूरच्या आकाशाकडे बघितलं की कळतं. तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा आणि बराचसा भाद्रपद-आश्विनात पडणारा. खरीप नावापुरता; भिस्त सगळी रब्बीच्या ज्वारीवर. ही ज्वारी पेरल्यावर बहुधा वरून थेंब पडत नाही. परतीच्या पावसाने जमिनीत जेवढी ओल मुरवली तेवढ्यावर ती कणसात भरते. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असा साधारण 150 ते 200 मिलिमीटर ओलावा धरून ठेवते. पाव हात मुरमाड जमिनीत तो दहा-पंधरा दिवसही टिकत नाही. विंगेटचा कारकून माती मोजत होता असं दिसत असलं तरी तो मोजत होता ती जिरायत ज्वारीला पुरणारी ओल. पावणेदोन हात म्हणजे सुमारे 80 सेंटिमीटर. त्याहून खोल जमिनीला त्याने जास्त आणे दिले नाहीत.

म्हणूनच त्या सोळा आण्यांमध्ये एक अट दडलेली होती, आणि ती अट कुणी लिहून ठेवली नव्हती. ही जमीन सोळा आण्यांची आहे, ती पाणी फक्त आभाळातून येणार असेल तर.

1880 च्या दशकात नीरेचा डावा कालवा वाहू लागला. भाटघरच्या धरणाचं पाणी पुरंदर, बारामती करत इंदापुरात आलं. अवर्षणाच्या या पट्ट्यात कालवा म्हणजे जिवात जीव येण्यासारखं होतं आणि ऊस लावायला लोकांनी निवडली ती अर्थातच सगळ्यांत चांगली, खोल काळी, सखल जमीन. पंचवीस वर्षांच्या आत त्या जमिनींवर पांढरी पापडी चढू लागली. 1910 साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर एक अहवाल प्रसिद्ध केला. हेच मॅन पुढे पिंपळे सौदागरच्या अभ्यासामुळे महाराष्ट्राला माहीत झाले. नीरा खोऱ्यात त्यांना जे दिसलं ते असं: पाटाचं पाणी वरून मिळत राहिलं, जमिनीतून त्याचा निचरा झाला नाही, भूजल वर चढलं, आणि त्याच्याबरोबर खालच्या थरांतले क्षार पृष्ठभागाशी आले.

हे कसं घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळे. जिरायत शेतीत फुगणं वरदानच, कारण पाणी आत अडकतं. पण तीच माती फुगली की तिच्यातली छिद्रं मिटतात आणि पाणी खाली झिरपायचं थांबतं. बारमाही पाणी देत राहिलं की खालची पातळी वर येते. ती पृष्ठभागापासून मीटर-दीड मीटरवर आली की माती वातीसारखं काम करते: पाणी तिच्यातून वर खेचलं जाऊन उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. सुरुवातीला उसाच्या सरीच्या माथ्यावर पांढरट थर दिसतो. पुढे क्षारांतला सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसला, त्याचा वाटा 15 टक्क्यांच्या वर आणि मातीचा सामू साडेआठच्या वर गेला की ती जमीन चोपण होते. चोपण जमीन ओली असताना लोण्यासारखी निसरडी, सुकली की नांगराचा फाळ उचलून धरणारी. पाऊस पडून गेल्यावर तिच्यावर काळपट पाणी साचून राहतं, कारण मातीतला सेंद्रिय अंश सुटून पाण्यात उतरलेला असतो. सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी, अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) प्रवरेच्या पट्ट्यात, नीरेकाठी, जिथे जिथे सोळा आण्यांच्या जमिनीला बारमाही पाणी मिळालं तिथे हे कमी-अधिक झालं.

विंगेटला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासमोर जो वापर होता त्यासाठी त्याची प्रतबंदी बरोबरच होती. उपळ फुटणारी जमीन त्याने दोषात धरलीही होती. पण वापर बदलला, कालवा आला, पीक बदललं, आणि आकारबंदातली प्रत तीच राहिली. सातबाऱ्यावर आज जो आकार रुपये-पैशांत दिसतो तो त्याच जुन्या जमाबंदीचा वारस आहे. ज्या जमिनीत गेली वीस वर्षं वेडी बाभूळ आणि लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही तिचा आकार शेजारच्या माळापेक्षा जास्त असू शकतो.

उलटा प्रवास माळाचा. विंगेटच्या कोष्टकात दोन-तीन आण्यांची, पाव हात मुरमाची जमीन इंदापूर, सांगोला, आटपाडी, माण भागात भरपूर. तिथे बाजरी, हुलगा, मटकी निघाली तर निघाली. ठिबक आलं आणि पाण्याचा हिशेब मातीच्या खोलीवरून नळीच्या छिद्रावर गेला. मग असं ध्यानात आलं की डाळिंबाला पाणी धरून ठेवणारी भारी जमीन मानवत नाही, झाडाच्या मुळाशी पाणी थांबलं की मर लागते. उलट मुरमात निचरा चांगला आणि बहार धरताना झाडाला ताण देणं सोपं. जी जमीन कुणी फुकट घेईना तिच्यावर सांगोल्याने डाळिंबाचं नाव कमावलं. 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरला निघालं ते याच मुलखाच्या जोरावर. पुढे तेल्या, मर आणि खोडकिड्याने यातल्या कितीतरी बागा काढून टाकाव्या लागल्या, तो भाग दुःखाचा आहे. पण जमिनीची प्रत बदलली होती हे खरं. कोकणातही तेच. नाचणी, वरीच्या फिरत्या पिकासाठी आणि भाताच्या राबासाठी ठेवलेली डोंगरउताराची वरकस जमीन महसुलात शेवटच्या पायरीवर होती. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळालं आणि त्या वरकसावर हापूस आणि काजू उभे राहिले. भाताचं खाचर, ज्याला मान होता, ते मजूर मिळेनात म्हणून पडीक राहू लागलं.

मातीच्या गुणांवरून प्रत लावायची ही एक रीत झाली. दुसरी रीत याहून जुनी आहे: जमीन आज कशी वापरली जाते एवढंच बघायचं. अकबराच्या काळातल्या तोडरमलच्या व्यवस्थेत जमिनीचे चार प्रकार होते. दरसाल पेरली जाणारी पोलज, विसाव्यासाठी थोडा काळ मोकळी ठेवलेली परौती, तीन-चार वर्षं पड असलेली चाचर, आणि पाच वर्षं किंवा अधिक न पेरलेली बंजर. मातीचा रंगही विचारायचा नाही. स्वतंत्र भारतात शेतीच्या आकडेवारीसाठी 1948 साली नेमलेल्या तांत्रिक समितीने जमिनीच्या वापराचे नऊ वर्ग ठरवले, ते आजही चालतात: वनं, बिगरशेती वापर, नापीक व लागवडीस अयोग्य, कायमची कुरणं, झाडझाडोरा, लागवडीयोग्य पण पड, चालू पड, इतर पड आणि निव्वळ पेरलेलं क्षेत्र. यंदा पेरली नाही तर चालू पड. त्याहून जास्त, पण पाच वर्षांपर्यंत, तर इतर पड. पाच वर्षं उलटली की लागवडीयोग्य पड. चारशे वर्षांनीही सीमारेषा पाचच वर्षांची निघाली, याचं मला कौतुक वाटतं. जमीन पाच वर्षं हातची सुटली की तिच्यावर झुडपं धरतात, बांध फुटतात, आणि पुन्हा औत घालायचं तर नव्याने मोडणी करावी लागते. दोन्ही काळच्या माणसांनी ते शेतातच पाहिलं असणार. महाराष्ट्राच्या सुमारे 307 लाख हेक्टर क्षेत्रापैकी निम्म्याहून थोडं अधिक निव्वळ पेरलेलं आहे, हे विधान आपण करू शकतो ते या नऊ कप्प्यांमुळे.

पण या कप्प्यांतल्या ‘पड’ या शब्दाशी माझं भांडण आहे. पड कुणाच्या दृष्टीने? बारामती-इंदापूरच्या माळरानावर पावसाळ्यानंतर पवन्या, कुसळी, मारवेल वाढतं. धनगरांचे वाडे त्या गवतावर शेकडो वर्षं चालत आलेत. कोकणात उतरलेली मेंढरं परत येतात ती याच माळावर. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी राखलं आहे, इंदापुरातल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि लांडगा दोन्ही दिसतात, आणि सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य करावं लागलं. हे सगळं वापरातच आहे. कागदावर मात्र ती पडीक, म्हणून तिच्यावर आधी झाडं लावायची, मग वसाहत, मग कारखाना असा विचार सहज सुचतो. गवताळ माळावर खड्डे खणून झाडं लावली की गवत जातं, गवताबरोबर माळटिटवी आणि चंडोल जातात, आणि मेंढरांना आणखी लांब हाकावं लागतं. मुरमाचा माळ हा बिघडलेलं जंगल आहे अशी समजूत या एका रकान्यामुळे पक्की झाली. रत्नागिरीच्या कातळसड्यांचंही तसंच: नापीक म्हणून नोंदलेले सडे पावसाळ्यात फुलांनी भरतात, आणि त्यांच्यावरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

तिसरी रीत अमेरिकेतून आली. 1930 च्या दशकात तिथल्या मधल्या मैदानी राज्यांत धुळीची वादळं उठून वरची माती उडून गेली, त्यानंतर स्थापन झालेल्या मृदा संधारण खात्याने जमिनीला विचारायचा प्रश्नच बदलला. किती पिकेल यापेक्षा, धूप न होता काय सोसेल? त्यातून भूमी-क्षमतेचे आठ वर्ग आले. पहिले चार नांगराखाली घेता येणारे, क्रमाने जास्त जपून. पुढचे तीन गवत आणि झाडांचे. आठवा तसाच सोडायचा, वन्यजीव आणि पाणलोटासाठी. वर्गाच्या आकड्यापुढे कारणाचं अक्षर: धूप, पाणी साचणं, मातीचा दोष किंवा हवामान. नागपूरला मुख्यालय असलेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्था 1976 पासून या चौकटीवर आणि तिच्या सुधारलेल्या रूपांवर देशाच्या मातीचे नकाशे करते आहे. या पद्धतीत खोल काळ्या जमिनीला आपोआप पहिला वर्ग मिळत नाही. निचरा मंद असेल तर ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात जाते आणि पुढे अक्षर लागतं. कालव्याच्या आधी इंदापुरात हा प्रश्न विचारला गेला असता तर पाटाची चारी कुठे न्यायची आणि चर कुठे खणायचा याचे निर्णय वेगळे झाले असते असं मला मनापासून वाटतं. हे ज्ञान इथे अगदीच नव्हतं असंही नाही. नीरेकाठी पाडेगावला 1932 साली ऊस संशोधन केंद्र निघालं, आणि त्या दशकात कालव्याखालच्या मातीचे खोल खड्डे घेऊन, थर न थर तपासून वर्गवारी झाली. ती अहवालात राहिली. तलाठ्याच्या दप्तरापर्यंत पोचली नाही.

तलाठ्याच्या दप्तरात जे आहे ते वेगळ्याच कारणांनी. जिरायत, बागायत, वरकस हे शब्द तुकडेबंदीसाठी आणि कमाल जमीन धारणेसाठी लागतात: दोन पिकांना हमखास पाणी असलेली जमीन कुटुंबाला 18 एकर, कोरडवाहू 54 एकर, असा तिप्पट फरक त्या शब्दांवर ठरला. पोटखराबा हा गट क्रमांकाच्या पोटातला भाग, पिकाला नालायक म्हणून आकारातून वगळलेला. शेतकऱ्यांनी दगड वेचून, गाळ टाकून तो कधीच वहितीखाली आणला होता, तरी त्याच्यावर ना कर्ज मिळे ना भरपाई. 2018 मध्ये नियम बदलून असा ‘अ’ वर्गातला पोटखराबा लागवडीयोग्य क्षेत्रात घ्यायची वाट मोकळी झाली. 2021 पासून पीकपाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंदवायची आहे, त्यामुळे बारा नंबरचा नमुना पूर्वीपेक्षा खऱ्याच्या जवळ आला असेल. पण यातल्या कुठल्याच रकान्यात निचरा लिहायला जागा नाही.

कृष्णाकाठच्या शिरोळ तालुक्यात चोपण झालेल्या जमिनी परत मिळवायला शेतकऱ्यांनी भूमिगत निचऱ्याचा मार्ग धरला. जमिनीत मीटरभराहून खोल चर घेऊन त्यात छिद्रांच्या नळ्या टाकायच्या, ठराविक अंतरावर. साचलेलं खारं पाणी त्यातून मुख्य नळीत आणि तिथून ओढ्यात सोडायचं. सोडियम जास्त असेल तर जिप्सम घालायचं, धैंचा गाडायचा, आणि पावसाच्या गोड्या पाण्याने क्षार धुऊन जाऊ द्यायचे. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर पीक उभं राहू लागतं. यात सगळ्यांत अवघड काम नळ्या पुरण्याचं नसतं. एकट्याच्या गटातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मधल्या पाच-पंचवीस गटांतून मुख्य नळी जावी लागते, आणि त्या सगळ्या खातेदारांची संमती लागते. वरच्या अंगाला पाणी जास्त देणारा आणि खालच्या अंगाला जमीन गमावणारा हे बहुधा वेगवेगळे असतात, म्हणून ही बैठक एका गटाची होऊन भागत नाही. ती सबंध शिवाराची व्हावी लागते.